घरचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर: स्विच दाबण्याआधी या चुका टाळा

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेली टीआयपी४१सी आणि टीआयपी४२सी या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी पहिल्याच स्विचला जळाली, की "माल डुप्लिकेट होता" असं म्हणून आपण मोकळे होतो. नकली माल बाजारात असतो, हे खरं. तरीही जोडणी न तपासता दुसरी जोडी बसवू नका, कारण चूक तिथेच असेल तर तीही जाईल.

सगळ्यात आधी सिरीज बल्ब. २३० व्होल्टच्या फेज वायरमध्ये ६० वॅटचा बल्ब सिरीजला घ्या. तो जुना, तारेचाच हवा. एलईडी इथे चालत नाही. चालू करताच बल्ब क्षणभर चमकून मंदावला, तर फिल्टरचे कॅपॅसिटर चार्ज झाले एवढंच. झगझगीत पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढा, कॅपॅसिटरमधला चार्ज उतरू द्या, मगच हात घाला.

शॉर्ट शोधताना पहिली नजर हीटसिंकवर टाका. या दोन्ही ट्रान्झिस्टरचा पत्रा आतून कलेक्टरला जोडलेला असतो. एनपीएनचा (टीआयपी४१सी) पत्रा प्लस सप्लायवर, पीएनपीचा (टीआयपी४२सी) मायनसवर. दोघं एकाच अ‍ॅल्युमिनियमवर मायकाशिवाय (वीज अडवणाऱ्या पातळ चकतीशिवाय) बसवले, की दोन्ही सप्लाय थेट भिडतात. मायका लावूनही बरेचजण स्क्रूचा प्लास्टिक बुश विसरतात. मल्टीमीटर बीपवर ठेवून पत्रा आणि हीटसिंक तपासा. आवाज यायला नको. मायकाच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्ट लावा, पण पातळ.

पायांची गल्लत नवख्यांकडून हमखास होते. बीसी५४७ची सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४मध्ये हाच क्रम उलटा. टीआयपी४१सीत बेस, कलेक्टर, एमिटर. बीडी१३९मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. बदली ट्रान्झिस्टर लावताना डेटाशीट उघडाच.

आता बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. अ‍ॅम्प्लिफायर खरा इथे मरतो, म्हणून घाई करू नका. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, करंट वाढतो, तो आणखी तापतो. हे चक्र रोखायला बायस ठरवणारा बीडी१३९ आउटपुटच्याच हीटसिंकवर स्क्रूने आवळा (त्याच्याखालीही मायका हवाच). बोर्डवर मोकळा उभा ठेवला तर त्याला उष्णता कळतच नाही. प्रीसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) त्याच्या बेस आणि एमिटरमध्ये घ्या. सरकता पाय कधी सुटलाच, तर बायस वाढण्याऐवजी कमी होतो. कलेक्टर-बेसमध्ये घेतलेला प्रीसेट सुटला, तर दोन्ही आउटपुट गेलेच समजा. बेस-एमिटरमधला प्रीसेट सुरुवातीला सर्वांत जास्त ओहमवर ठेवा.

स्पीकर लगेच लावू नका. इनपुट शॉर्ट करून (सिग्नलची तार ग्राउंडला जोडून) आउटपुटवरचा डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे चला. कित्येक व्होल्ट दिसले, तर सुरुवातीचे ट्रान्झिस्टर आणि फीडबॅकचे रेझिस्टर तपासा. मग बल्ब काढा आणि एमिटरच्या ०.२२ ओहम रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट येईपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरवा. म्हणजे ५० मिलिअँपिअर.

घुमघुम येते? इनपुट शॉर्ट केल्यावर थांबली, तर दोष इनपुटच्या केबलचा. तशीच राहिली, तर ग्राउंड बघा. स्पीकरची परतीची वायर इनपुटच्या ग्राउंडवर नको. दोन फिल्टर कॅपॅसिटरच्या मधल्या बिंदूवरून सगळी ग्राउंड वेगवेगळी काढा.

बायस बरोबर, गाणं बंद, तरी आउटपुट भाजतात? मग सर्किट आपल्याला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर थरथरतंय. स्पीकरला समांतर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची सिरीज जोडी लावा, इनपुटची वायर आउटपुटपासून दूर न्या.

१८-०-१८च्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूला साधारण २५ व्होल्ट मिळतात. तिथे २५ व्होल्टचे कॅपॅसिटर लावू नका, किमान ३५चे घ्या. मुंबईच्या पावसाळ्यात बोर्डवर राहिलेला सोल्डरचा फ्लक्स ओल धरतो आणि करकर सुरू होते. सोल्डरिंग झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारा.

गणपतीत तासन्‌तास वाजवायचा असेल, तर आधी अर्धा तास मोठ्या आवाजात चालवा, गाणं थांबवा आणि तेच ११ मिलिव्होल्ट पुन्हा मोजा. आकडा दुप्पट झाला असेल, तर बीडी१३९ हीटसिंकला नीट चिकटलेला नाही.