नाशिकच्या थंडीत ई-सायकलवरून पहिली पाळी गाठताना

नाशिकला बर्फ पडत नाही. पण जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठतं, आणि सातची पाळी गाठायला निघालेला माणूस सहा-सव्वासहाला अंधारात, दवानं ओलसर झालेल्या रस्त्यावर असतो. बर्फाच्या देशांत ई-सायकलवाल्यांना जे सांभाळावं लागतं त्यातलं निम्मं इथेही लागू पडतं, कारण बॅटरी, टायर आणि माणसाचे हात बिघडवतो तो गारठा. उरलेलं निम्मं, म्हणजे खिळ्यांचे टायर आणि टायरमध्ये मुद्दाम कमी ठेवलेली हवा, नाशिकच्या डांबरावर उलट त्रासच देतं.

हा लेख साध्या ई-सायकलसाठी आहे. मोटर २५० वॉटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, म्हणजे नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही अशी. मागच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसवलेली) आणि काढता येणारी ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी.

बॅटरी रात्री घरात हवी

हिवाळ्यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे सायकल पार्किंगमध्ये आणि बॅटरी सायकललाच. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक हालचाल मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, आणि मोटरनं जोरात करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली बसतं. डिस्प्लेवरच्या दोन कांड्या चढावर गायब होतात आणि सपाटीला परत येतात, ते यामुळेच. बॅटरी आधीच २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर हे बसलेलं व्होल्टेज पाहून आतलं संरक्षक सर्किट पुरवठाच तोडतं. सायकल बंद पडली असं वाटतं; प्रत्यक्षात बॅटरीत थोडा जीव शिल्लक असतो.

म्हणून रोज संध्याकाळी बॅटरी काढून घरात आणा. १८-२० अंशांची खोली पुरते. चुलीजवळ, गिझरखाली किंवा हीटरसमोर ठेवू नका. गरम पाण्याची पिशवीही लावू नका. सकाळी निघायच्या पाच मिनिटं आधी ती सायकलला लावा. अडीच-तीन किलोचा तो ठोकळा घरातली ऊब लगेच सोडत नाही आणि चालताना स्वतःही थोडा तापतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात तो फारसा गार पडत नाही. वारा थेट लागत असेल तर फोमचं पातळ कव्हर शिवून घ्या. चार्जिंगच्या वेळी मात्र ते काढायचं.

चार्जिंगचा क्रमही बदलावा. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही. नाशिक शहरात इतकी वेळ सहसा येत नाही, पण उघड्या गच्चीवर किंवा मळ्यातल्या शेडमध्ये पहाटे चार्जर लावणं टाळाच. कामावरून आल्यावर अर्धा तास बॅटरीला निवांत राहू द्या. मग जागे असताना चार्जिंगला लावा आणि साधारण ८० टक्क्यांवर थांबवा. दहा सेल एका ओळीत असलेल्या ३६ व्होल्टच्या पॅकला हे ४० व्होल्टच्या आसपास येतं (पूर्ण भरल्यावर ४२). उरलेलं सकाळी भरा. उठल्या उठल्या चार्जर लावला, आंघोळ-चहा उरकेपर्यंत तासभर गेला, की २ अँपिअरच्या चार्जरनं १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत पंधरा-वीस टक्के सहज भरतात. शेवटच्या टप्प्यात चार्जर आपणहून हळू होतो, त्यामुळे काटेकोर १०० टक्क्यांसाठी थांबून बसू नका. फायदा दुहेरी आहे: झोपेत चार्जिंग चालू राहत नाही, आणि निघताना बॅटरी किंचित कोमट असते.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची असेल तर वरचे व्होल्टचे आकडे लागू नाहीत. ती गारठ्याला आणखी हळवी असते, म्हणून घरात आणण्याचा नियम तिला जास्तच कडकपणे पाळा.

किती किलोमीटर, ते हिवाळ्याच्या हिशोबानं

कंपनीच्या कागदावरचा पल्ला बाजूला ठेवा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे वॉट-तास. ३६ × १० = ३६०. त्यातून थंडीचे १५ टक्के आणि राखीव २० टक्के वजा करा; उरतात २३४. पायडल मारत मध्यम असिस्टवर (पायडलला मोटरची मिळणारी साथ) चालवली तर किलोमीटरला १२-१३ वॉट-तास धरा, म्हणजे भरवशाचे १८ किलोमीटर. तीच बॅटरी ७.५ अँपिअर-तासांची असेल तर १३ किलोमीटर. पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर चालवलीत तर यातूनही बरंच कमी होईल.

हे १५ टक्के एकट्या बॅटरीचे नाहीत. १० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ ९ टक्के दाट असते आणि ताशी २०-२५ च्या वेगाला तीच मुख्य अडचण असते.

नाशिकचा उतार-चढावही हिशोबात धरा. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणजे सातपूर आणि त्र्यंबक रोडची बाजू उंचावर. पंचवटी किंवा नाशिकरोडहून सातपूरला जाणाऱ्याला गार बॅटरीवर मंद चढ मिळतो आणि दुपारी तापलेल्या हवेत उतार. म्हणून सकाळचा प्रवास जास्त खातो. नाशिकरोड ते सातपूर साधारण १५ किलोमीटर. १० अँपिअर-तासांची बॅटरी जाताना पुरेल, येण्यासाठी कामावर चार्ज करावीच लागेल. त्यासाठी आधी सुरक्षा विभागाची किंवा सुपरवायझरची परवानगी घ्या. पेंट शॉप, सॉल्व्हंटचा साठा किंवा लाकडी पॅलेट जिथे असतील तिथे चार्जर लावायचा नाही.

पहिले दोन किलोमीटर असिस्ट एक किंवा दोनवर ठेवा आणि सिग्नलवरून निघताना थ्रॉटल पिळू नका. दोन-तीन पायडल मारून सायकल हलू द्या, मग मोटर घ्या. बॅटरी वाचते आणि गुडघेही मोकळे होतात.

टायर, ब्रेक, चेन

हवा दुपारी भरली आणि पहाटे निघालो, यात फसगत होते. दुपारी ३२ अंशांत ५० पीएसआय भरलेलं टायर पहाटे ८ अंशांत सुमारे ४५ दाखवतं. ट्यूब गळत नसते, हवाच आकसलेली असते. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी निघण्यापूर्वी, गेजच्या पंपानं हवा तपासा. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत राहून, मागच्या चाकावर मोटर आणि बॅटरीचं वजन आहे म्हणून तिथे ३-५ पीएसआय जास्त ठेवा. कमी हवेवर खड्डा लागला की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि दोन समांतर चिरा पडतात. अशा पंक्चरला सकाळी सहाला दुकान उघडं नसतं.

त्यामुळे पिशवीत चार वस्तू हव्यात: छोटा पंप, पॅच आणि सोल्यूशन, दोन टायर लिव्हर, आणि मोटरच्या नटाला बसणारा पाना. बहुतेक हब मोटरला १८ किंवा १९ नंबरचा लागतो. घरी आधी लावून पाहा, कारण साध्या सायकलचा १५ चा पाना इथे बसत नाही. पंक्चर एकाच जागी असेल तर चाक काढायचीही गरज नसते: सायकल आडवी करा, टायरची एक कड सोडवा, तेवढीच ट्यूब बाहेर ओढा आणि पॅच लावा. मोटरची वायर ताणू देऊ नका.

ब्रेक पॅडचा घासला जाणारा थर १ मिलिमीटरच्या आत आला असेल तर हिवाळ्याआधीच बदला. दवाचं पाणी रिम किंवा डिस्कवर बसल्यामुळे सकाळचा पहिला ब्रेक कमी लागतो. गल्लीतून बाहेर पडण्याआधी दोनदा हलका ब्रेक दाबून पाणी पुसून काढा. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि द्वारका, मुंबई नाका अशा चौकांत सांडलेलं डिझेल ओलाव्यात फार घसरतं. त्यावरून सरळ जा. वळण आणि ब्रेक त्याआधी किंवा त्यानंतर. अनेक स्वस्त ई-सायकलींत पायडल थांबवल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. घसरड्या वळणावर ती ढकल नको असेल तर ब्रेकची मूठ किंचित दाबा. ब्रेक लागण्याआधीच मोटर बंद होते. हे कटऑफ चालतं की नाही ते चाक उचलून, थ्रॉटल देऊन, आधी तपासलेलं बरं.

चेनला घरातलं खोबरेल तेल लावायची सवय अनेकांना आहे. ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. नाशिकच्या पहाटे चेनवर त्याचा पांढरट थर बसतो, धूळ धरतो आणि चेन कुरकुरते. सायकल चेनचंच पातळ तेल घ्या, प्रत्येक कडीवर एक थेंब, पंधरा मिनिटांनी फडक्यानं वरचं पुसून टाका. दवात रोज चालवत असाल तर दर १५०-२०० किलोमीटरला.

रात्री सायकल उघड्यावर राहणार असेल तर बॅटरीच्या रिकाम्या खाचेवर आणि डिस्प्लेवर जुना रेनकोट टाका. सकाळी खाचेतले पितळी पॉइंट कोरड्या फडक्यानं पुसूनच बॅटरी बसवा. तिथला हिरवट गंज म्हणजे पुढच्या महिन्यातली अडचण. आणि गॅरेजच्या प्रेशर पाण्यानं धुऊ नका.

अंधार, धुकं आणि ट्रॅक्टर

जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. पहिल्या पाळीवाल्याचा सगळा प्रवास अंधारात होतो, त्यामुळे सायकलसोबत आलेला शोभेचा दिवा चालणार नाही. पुढे किमान ३०० ल्युमेनचा, रस्त्याकडे खाली झुकवलेला दिवा हवा. धुक्यात वर तोंड केलेला प्रखर दिवा पांढरी भिंत उभी करतो. मागे लाल दिवा. धुक्यात तो लुकलुकता न ठेवता सलग ठेवा, मागच्याला अंतर कळतं. पायडलवर रिफ्लेक्टर आणि जॅकेटवर पट्टी असू द्या.

थंड हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. गोदावरी आणि नासर्डीच्या काठानं, सोमेश्वरच्या बाजूला, आडगाव-ओझरकडच्या मळ्यांतून धुकं दाट मिळतं. द्राक्षबागांत गारठ्यापासून बचावासाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर त्यात मिसळतो आणि बागेला सोडलेलं पाणी कडेच्या रस्त्यावर येतं. शिवाय हा लाल कांद्याचा हंगाम. मागचा दिवा नसलेली ट्रॉली पुढे उभी असू शकते. महामार्गाची मुख्य लेन टाळून सर्व्हिस रोड घ्या. दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, बॅटरीच्या हिशोबात ते आधीच धरा.

अवकाळीत गारपीट झाली तर मात्र ती खरंच बर्फावरची सफर असते. गारांचा थर गोट्यांसारखा चाकाखाली फिरतो. पत्र्याची शेड गाठा आणि थांबा. निघावंच लागलं तर मोटर बंद, सीट खाली, पाय टेकतील असे, आणि पुढचा ब्रेक अगदी हलका. मोटर पुढच्या चाकात असेल तर उतरून ढकलत न्या.

अंगावर काय

ई-सायकलवर साध्या सायकलपेक्षा थंडी जास्त वाजते, कारण निम्मं काम मोटर करते आणि अंग तापत नाही. ८ अंशांत ताशी २५ नं निघालात तर उघड्या कातडीला ते ४ अंशांसारखं लागतं. अंगालगत सुती बनियनऐवजी खेळाचा पॉलिस्टर टी-शर्ट, मग स्वेटर, वर वारा अडवणारी विंडचीटर. विंडचीटर नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दुहेरी घडी. उपाय जुना आहे, पण काम करतो. बोटं बधीर झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून हातमोजे सगळ्यात आधी घ्या आणि ते घालून ब्रेकची मूठ नीट दाबता येते का पाहा. जाड लोकरी कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही. पातळ टोपी किंवा कानपट्टी वापरा.

मफलर, शाल आणि ओढणीची टोकं विंडचीटरच्या आत खोचलेली हवीत. मागचं चाक मोटरनं फिरतं, कापड अडकलं तर पाय थांबवून चाक थांबत नाही.

दुपारी तीनला सुटाल तेव्हा हवा २८ अंशांवर असेल, त्यामुळे हे सगळं मावेल एवढी बॅग कॅरिअरला बांधा. आणि गावी किंवा हुरड्याला आठ-पंधरा दिवस जाणार असाल तर बॅटरी भरून ठेवू नका, रिकामीही नको. ३७ व्होल्टच्या आसपास आणून, सायकलवरून काढून, कोरड्या कपाटात ठेवा. परत आल्यावर पहिल्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी चार्ज करा.