सिम्युलेशनची वीज वाचवायची तर आधी ज्यूल मोजा

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, सिम्युलेशनचा जॉब टाकणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारतो, "किती ज्यूल लागले?" उत्तर हमखास तासांत येतं.

तेव्हा आधी मोजा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ च्या सँडी ब्रिजपासून 'रॅपल' काउंटर, म्हणजे खर्च झालेली ऊर्जा मोजणारे आकडे, आहेत. लिनक्सच्या 'परफ' टूलने ते वाचता येतात. परवानगी नाकारली तर अ‍ॅडमिनला गाठा. २०२० मध्ये या काउंटरवरून एन्क्रिप्शनच्या किल्ल्या हुडकता येतात असं दिसलं, तेव्हापासून ते सरसकट सगळ्यांना वाचू देत नाहीत. पंखे आणि पॉवर सप्लाय या आकड्यात धरलेले नसतात, हेही ध्यानात ठेवा.

आता खरा मुद्दा क्लॉकचा, म्हणजे चिप ज्या फ्रीक्वेन्सीवर चालते तिचा. चिप खाते ती वीज फ्रीक्वेन्सी वाढली तर तिच्या पटीत वाढते, पण व्होल्टेज वाढलं तर त्याच्या वर्गाच्या पटीत. आणि क्लॉक चढवला की व्होल्टेजही चढवावं लागतं. उलट, ग्रिडवरची स्टेन्सिल गणितं (प्रत्येक बिंदूची किंमत शेजारच्या बिंदूंवरून काढणारी) किंवा स्पार्स, म्हणजे बहुतेक शून्यांच्या, मॅट्रिक्सचा गुणाकार करणारा कोड बराच वेळ मेमरीकडे डोळे लावून बसलेला असतो. मग टर्बो, म्हणजे क्लॉक आपोआप चढवणारी सोय, कशाला? स्लर्म, म्हणजे क्लस्टरवर जॉब वाटून देणारं सॉफ्टवेअर, त्याच्या जॉबमध्ये सीपीयू-फ्रीक्वेन्सीचा पर्याय देऊन क्लॉक एकेक पायरी उतरवा आणि प्रत्येक पायरीला वेळ व ज्यूल दोन्ही लिहून ठेवा. समजा, ४०० वॉटवर १० तास लागणारा जॉब ३०० वॉटवर ११ तासांत होतो. म्हणजे ४ युनिटांऐवजी ३.३. पण फार खाली जाऊ नका: जॉब लांबला की नोडचा (क्लस्टरमधल्या एका संगणकाचा) रिकामा खर्चही तितका वेळ चालूच राहतो, आणि वाचवलेलं तिथेच जातं. एडिनबरा विद्यापीठातल्या 'आर्चर२' सुपरकॉम्प्युटरने डिसेंबर २०२२ मध्ये डिफॉल्ट क्लॉक २.२५ वरून २.० गिगाहर्ट्झवर आणला, तो याच हिशेबाने.

कोड दुसऱ्या भाषेत लिहून काढायचा उत्साह सगळ्यांनाच येतो. मी म्हणतो, आधी डेटाची ने-आण कमी करा. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ४५ नॅनोमीटर चिपच्या आकड्यांत ३२ बिटांची एक फ्लोटिंग-पॉइंट (दशांश आकड्यांची) बेरीज ०.९ पिकोज्यूल, तर तेवढाच डेटा डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून, आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल! लूप ब्लॉकमध्ये तोडा, म्हणजे कॅशमध्ये (चिपवरच्या छोट्या, जवळच्या मेमरीत) आलेला डेटा तिथेच वापरून होतो. चालत असेल तिथे ६४ बिटांच्या 'डबल'ऐवजी ३२ बिटांचं सिंगल प्रिसिजन घ्या, वाहतूक निम्मी होते; लांबलचक बेरजा मात्र डबलमध्येच ठेवा. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने २०२१ मध्ये आपलं वातावरणाचं मॉडेल सिंगलवर नेलंच ना?

कोअर दुप्पट करून वेळ जेमतेम घटत असेल तर निम्मे परत करा. चेकपॉइंट ठेवा, म्हणजे झालेलं काम मधूनमधून साठवा, नाहीतर जॉब मेला की सगळी वीज पाण्यात.

जीपीयूची पॉवर लिमिट 'एनव्हिडिया-एसएमआय' या कमांडने उतरवता येते, त्यालाही रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागतात. रीबूट झालं की ती मूळ जागी जाते, म्हणून कमांड स्टार्टअप स्क्रिप्टमध्येच टाकून घ्या.