पोर्कच्या खांद्याला किती तास धूर द्यायचा? एका भट्टीवाल्याचं उत्तर

भाच्याचा शनिवारी फोन आला. "मामा, तीन किलोचा खांदा आणलाय, किती तास ठेवू?"
मी विचारलं, "जाडी किती आहे?"
तो गप्प. वजन केलं होतं, पट्टी लावली नव्हती.

मी २२ वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलं. तिथे पोलादाला जाडीच्या दर इंचामागे साधारण एक तास सोकिंग द्यायचं, म्हणजे ठरल्या तापमानाला धरून ठेवायचं, हे नव्या पोराला आधी शिकवतात. भट्टीतला तुकडा फूटभर लांब असो की मीटरभर, उष्णतेला पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंतच चालायचं असतं. मांसाचंही तसंच. त्यामुळे दोन किलोचा गुबगुबीत तुकडा तीन किलोच्या पसरट तुकड्याइतकाच वेळ खाऊ शकतो.

तरी आकडा हवाच असतो, पाहुण्यांना वेळ सांगायची असते. अमेरिकेत, जिथून ही पद्धत आली, तिथे २२५ फॅरनहाइटला पौंडामागे दीड ते दोन तास धरतात. आपल्या हिशेबात १०७ अंशाला किलोमागे सव्वातीन ते साडेचार तास. मी माझं धूर द्यायचं पिंप ११५ ते १२० वर चालवतो, तिथे किलोमागे तीन-साडेतीन तास पुरतात. म्हणजे तीन किलोला दहा तासांच्या आसपास. पण हातात बारा ठेवा, आणि शिजल्यावर मुरू द्यायला आणखी निदान एक तास. लवकर झालं तर गरम ठेवता येतं. उशीर झाला तर काहीच करता येत नाही.

आता मांस. 'बॉस्टन बट' या नावाने फसू नका, तो खांद्याचाच वरचा भाग आहे. खालचा, पायाकडचा भाग म्हणजे 'पिकनिक'. मला वरचा आवडतो, त्यात चरबी मांसात विणलेली असते. दुकानात पोचल्या पोचल्या सांगा, "भाऊ, तुकडे नकोत, हाडासकट अख्खा द्या." आपल्याकडे सुरी करीच्या मापाने चालते, बोलायला उशीर झाला तर दिवस वाया गेला. चामडी काढून घ्या, तिच्यातून मीठही जात नाही आणि धूरही नाही. खालची चरबी मात्र बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतकी राहू द्या.

आदल्या रात्री किलोमागे १५ ग्रॅम मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवा, उघडंच. सकाळी भरड काळी मिरी, बेडगी मिरचीची पूड, थोडा किसलेला गूळ. गरम मसाला मी घालत नाही. दहा तासांचा धूर हाच मसाला आहे, त्याच्यावर लवंग-दालचिनी चढवली की दोन्ही वाया जातात.

माझं पिंप मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेलं, २०० लिटरचं. पिंप घेताना आत काय भरलेलं होतं ते कळलंच पाहिजे. खाण्याच्या तेलाचं असेल तर घ्या, रसायनाचं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. जस्ताचा मुलामा असलेलंही नको. वापरण्याआधी आत मोठा जाळ करून ते पूर्ण भाजून काढा. बंद बाल्कनीत हा उद्योग करू नये, कोळशाचा विषारी वायू दिसत नाही. खडकीत माझ्या घरामागे अंगण आहे. गच्चीवर करणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, धूर दिवसभर असतो.

कोळसा वखारीतला लाकडी, दगडी अजिबात नाही. तळाच्या टोपलीत चार-पाच किलो न पेटलेला भरा आणि वर मूठभर पेटलेले निखारे ठेवा. आग वरून खाली हळूहळू उतरत जाते. तापमान हवेनं धरायचं: खालची भोकं उघडली की चढतं, दाबली की उतरतं. बदल केला की वीस मिनिटं थांबा. भट्टीवर नवखा माणूस दर दोन मिनिटांनी नॉब फिरवतो आणि काटा वर-खाली नाचत राहतो.

धुरासाठी आंबा किंवा पेरू, वाळलेला, मुठीएवढे चार तुकडे. कडुनिंब नको, रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड तर मुळीच नको. लाकूड भिजवू नका, ओलं लाकूड आधी वाफच सोडतं. दाट पांढरा धूर येत असेल तर मांस आत ठेवू नका, कडवट होतं. धूर पातळ, निळसर झाला की ठेवा. गार आणि ओलसर मांसावर धूर चांगला धरतो, म्हणून पहिले चार तास महत्त्वाचे.

मग येतो तो टप्पा, जिथे माणसं घाबरतात. मांसात खुपसलेल्या तापमापकाचा काटा सरसर ६५-७० पर्यंत चढतो आणि तिथेच बसतो. दोन तास, कधी चार. पिंप ११५ वर आहे, कोळसा आहे, तरी काटा हलत नाही. पहिल्यांदा मला वाटलं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, गेलं. कारण आपल्या माठाचं आहे. माठ पाझरतो, पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. खांदाही तसाच घाम गाळत स्वतःला थंड ठेवतो. यावर उपाय दोन. वाट बघा, वरची साल छान काळी, कडक होते. किंवा साल मनासारखी झाली की दोन पदरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. घाम उडायची वाट बंद झाली की काटा पुन्हा चालू लागतो. मी गुंडाळतो.

६३ अंशाला पोर्क खायला सुरक्षित होतं, मग ९३ पर्यंत कशाला न्यायचं? खांदा हा दिवसभर राबणारा स्नायू, पडद्यांनी आणि शिरांनी भरलेला. पाया रात्रभर शिजवल्यावर रस बोटांना चिकटतो ना, तेच इथे आतल्या आत घडायला हवं, आणि त्याला उष्णतेइतकाच वेळही लागतो. एका नाताळात पाहुणे ताटावर बसले म्हणून मी ८० ला खांदा बाहेर काढला. कच्चा नव्हता, पण रबर. आठ माणसं चावत राहिली आणि कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

म्हणून ९३ ते ९६. काटा हाडाला टेकवू नका, खोटं वाचन मिळतं. शेवटची परीक्षा हाताची: विणायची सुई सगळीकडून लोण्यात गेल्यासारखी जायला हवी. एका बाजूला अडली तर आणखी अर्धा तास.

काढल्यावर फॉइलसकट जुन्या टॉवेलात गुंडाळून रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवा. तीन तासही आरामात गरम राहतं, फक्त आतलं तापमान ६० च्या खाली जाऊ देऊ नका.

भाच्यानं रविवारी पहाटे साडेपाचला मांस ठेवलं. साडेदहाला मेसेज आला, "६८ ला अडकलंय." मी लिहिलं, "माठ आठव." दीडला त्यानं गुंडाळलं, साडेचारला ९४. सहाला हाड ओढलं तर स्वच्छ बाहेर आलं. फॉइलमधला रस मांसावर परत ओतला, माडाच्या व्हिनेगरात मिरची आणि मीठ कालवलं, आणि बरोबर लादीपाव. माझा डबा त्यानं आठ वाजता पोचवला.