लिब्रेऑफिसवर काम करण्यासाठी संगणक कसा सज्ज करावा

लिब्रेऑफिस हा २०१० साली ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळा झालेला आणि मराठीतही उपलब्ध असलेला मुक्त ऑफिस संच आहे. त्याचा सोर्स कोड कोणालाही उतरवून घेता येतो, बदलता येतो आणि तो बदल प्रकल्पाकडे पाठवता येतो. मात्र हा कोड प्रामुख्याने सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आणि आकाराने अवाढव्य असल्यामुळे बरेच इच्छुक पहिल्या बिल्डपाशीच, म्हणजे कोडपासून चालणारा कार्यक्रम तयार करण्यापाशीच, थांबतात. कोडमध्ये एक ओळ बदलल्यावर तिचा परिणाम काही मिनिटांत पडद्यावर दिसू लागला, की आपली यंत्रणा खऱ्या अर्थाने सज्ज झाली असे समजावे. पुढील सर्व तयारी त्याच हेतूने करायची आहे. येथे उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्स प्रणाली गृहीत धरली आहे. आज्ञा उच्चारानुसार दिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टंकाव्यात.

प्रथम जागा आणि मेमरी तपासावी. डीबग माहितीसह (चुका शोधण्यासाठी लागणाऱ्या माहितीसह) केलेला बिल्ड काही दहा जीबी जागा सहज व्यापतो, त्यामुळे एसएसडीवर भरपूर जागा मोकळी ठेवावी. रॅम १६ जीबी असल्यास काम सुखाने होते. ८ जीबीवरही होते, पण त्यासाठी एका वेळी चालणाऱ्या कंपायलरांची (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमांची) संख्या मर्यादित करावी लागते. ज्या फोल्डरात काम करायचे त्याच्या संपूर्ण मार्गात कोठेही मोकळी जागा, म्हणजे स्पेस, नसावी, कारण बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ या साधनाला ती चालत नाही.

त्यानंतर साधने बसवावीत. उबुंटूच्या ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ खिडकीत ‘सोर्स कोड’समोरील चौकटीत खूण करावी आणि ‘सुडो ॲप्ट-गेट बिल्ड-डेप लिब्रेऑफिस’ ही आज्ञा द्यावी; कंपायलर आणि आवश्यक लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) तिच्यामुळे एकत्रच येतात. सोर्सची खूण राहून गेली, तर हीच आज्ञा त्रुटी दाखवून थांबते. ‘गिट’ (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि ‘सीकॅश’ हेही बसवावेत. सीकॅश एकदा कंपाइल झालेल्या फायलींचे निष्कर्ष साठवून ठेवतो आणि तीच फाइल पुन्हा आली की साठ्यातून देतो. त्याची मूळ मर्यादा ५ जीबी असते आणि ती या प्रकल्पाला अपुरी पडते, म्हणून डिस्कवर जागा असेल त्या मानाने ती सुरुवातीलाच वाढवावी.

आता ‘गिट क्लोन’ने गिट डॉट लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या पत्त्यावरील ‘कोअर’ ही रिपॉझिटरी, म्हणजे कोडचे भांडार, उतरवावी. तिच्यात २००० सालापासूनच्या बदलांचा इतिहास आहे, त्यामुळे उतरवण्यास वेळ लागतो. केवळ अलीकडचा भाग घेण्याचा पर्याय असला, तरी शक्य असल्यास पूर्ण इतिहास घ्यावा असे मी आग्रहाने सुचवीन, कारण एखादी ओळ तशीच का लिहिली आहे याचे उत्तर अनेकदा फक्त जुन्या कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात सापडते.

बिल्डचे पर्याय ‘ऑटोजेन डॉट इनपुट’ या साध्या फाइलमध्ये, दर ओळीत एक याप्रमाणे, सुरुवातीला दोन आडव्या रेघा देऊन लिहावेत. ‘इनेबल-डीबीजीयुटिल’ या पर्यायामुळे कोडमधील अंतर्गत तपासण्या सुरू होतात. कार्यक्रम मंदावतो, पण चूक जेथे घडते तेथेच उघड होते. मराठी इंटरफेस हवा असल्यास ‘विथ-लँग’मध्ये ‘एमआर’ द्यावे. रॅम कमी असल्यास ‘विथ-पॅरललिझम’ला २ किंवा ४ ही किंमत द्यावी, कारण लिंकिंगच्या वेळी, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडताना, संगणक गोठण्याचे सर्वांत सामान्य कारण मेमरीची टंचाई हेच असते. यानंतर ‘ऑटोजेन डॉट एसएच’ चालवावी. एखादे साधन कमी असेल तर ही स्क्रिप्ट त्याचे नाव सांगून थांबते. ते बसवून ती पुन्हा चालवावी.

मग ‘मेक’ची आज्ञा द्यावी. हे काम सुडोने करू नये, साध्या वापरकर्त्याच्या खात्यातूनच करावे. साधारण लॅपटॉपवर पहिला बिल्ड कित्येक तास चालतो, म्हणून तो रात्री लावणे सोयीचे असते. इंटरनेट बेभरवशाचे असेल, तर आधी ‘मेक फेच’ देऊन बाहेरील लायब्रऱ्या उतरवून ठेवाव्यात. बिल्ड पूर्ण झाल्यावर ‘इन्स्टडिर’मधील ‘प्रोग्रॅम’ फोल्डरातून ‘एसऑफिस’ चालवावे. संगणकावर आधीपासून बसवलेल्या लिब्रेऑफिसच्या सेटिंगना त्यामुळे धक्का लागत नाही.

एकही ओळ न बदलता केलेला हा बिल्ड नीट चालला, तरच पुढे जावे. नाहीतर नंतर उद्भवणारी अडचण आपल्या बदलाची की यंत्रणेची, हे कळत नाही. पहिल्या प्रयोगासाठी मराठी वाचकाला एक उत्तम जागा आहे. ‘आय१८एनपूल’ या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या एका विभागात, प्रत्येक भाषेच्या प्रदेशविशिष्ट माहितीच्या एक्सएमएल फायली असतात आणि त्यांत ‘एमआर_आयएन’ ही मराठीची आहे. महिन्यांची नावे, वारांची नावे, तारखेचे नमुने हे सारे तिच्यात सापडते. एका महिन्याच्या नावापुढे काहीतरी खूण जोडावी, फक्त तेवढेच मॉड्यूल ‘मेक’ने पुन्हा बिल्ड करावे आणि कॅल्कमध्ये मराठी भाषेची तारीख महिन्याच्या पूर्ण नावासह दाखवून पाहावी. ती खूण पडद्यावर दिसली, की साखळीतील प्रत्येक दुवा काम करत आहे याची खात्री होते. प्रयोग संपल्यावर गिटने फाइल मूळ स्थितीत आणावी.

मॉड्यूलांची संक्षिप्त नावे लवकरच अंगवळणी पडतात: ‘एसडब्ल्यू’ म्हणजे रायटर, ‘एससी’ म्हणजे कॅल्क, ‘एसडी’ म्हणजे इम्प्रेस व ड्रॉ. देवनागरी जोडाक्षरांच्या मांडणीचा दोष शोधायचा असेल, तर ‘व्हीसीएल’कडे वळावे, कारण हार्फबझ या लायब्ररीच्या मदतीने अक्षरे मांडण्याचे काम तेथे होते. डीबगर लावून चालवायचे असल्यास ‘मेक डीबगरन’ वापरावे.

खरा बदल तयार झाल्यावर ‘मेक चेक’ने चाचण्या चालवाव्यात. त्यानंतर ‘लॉगेरिट सेटअप’ ही स्क्रिप्ट प्रकल्पाच्या गेरिट या बदलांचे परीक्षण करणाऱ्या सर्व्हरशी आपले खाते जोडून देते आणि ‘लॉगेरिट सबमिट’ तो बदल परीक्षणासाठी पाठवते. तेथे लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही प्रणालींवर तो आपोआप बिल्ड होऊन तपासला जातो आणि मग अनुभवी विकासक त्यावर अभिप्राय लिहितात. सुधारणा सुचवल्या गेल्यास नवा कमिट करू नये. आधीचाच कमिट ‘अमेंड’ (दुरुस्त) करून पुन्हा पाठवावा, म्हणजे सारी चर्चा एकाच नोंदीखाली राहते.