घरच्या राउटरवरून ओळख लपवताय? या चुका टाळा

“व्हीपीएनचा राउटर बसवला, आता आपण काय बघतो ते कोणालाच कळत नाही.” नागपुरात हल्ली हे वाक्य बरेचदा कानावर येतं. संवेदनशील प्रकरणं हाताळणारे वकील, पत्रकार, घरून काम करणारी मंडळी, सगळ्यांची गरज खरी आहे. घरातलं ब्राउझिंग खासगी राहावं असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण बहुतेक चुकांचं मूळ याच वाक्यात आहे. व्हीपीएन म्हणजे तुमचं ट्रॅफिक कुलूपबंद बोगद्यातून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. असा राउटर तुमच्या ट्रॅफिकचा रस्ता बदलतो, तुमची ओळख बदलत नाही. त्याच वायफायवर तुमचं जीमेल आणि फेसबुक लॉगिन असलेला फोन जोडलेला असेल, तर त्या कंपन्यांना तुम्ही कोण ते नावानिशी माहीत असतं. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा आकडी पत्ता) नेदरलँड्सचा दिसला म्हणून त्यात फरक पडत नाही.

जाहिरात बघून डबा घेणे

‘प्लग लावा, निनावी व्हा’ म्हणणाऱ्या उपकरणांपासून सावध राहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर अ‍ॅनोनाबॉक्स नावाचा टॉर राउटर आला. टॉर म्हणजे ट्रॅफिक अनेक सर्व्हरमधून फिरवून ओळख लपवणारं जाळं. मागितले होते साडेसात हजार डॉलर, लोकांनी पाच लाखांहून जास्त देऊ केले. मग उघड झालं की स्वतः घडवलेलं म्हणून सांगितलेलं हार्डवेअर हे मुळात तयार चिनी बोर्ड होतं, आणि आतला रूट (पूर्ण ताबा देणारा) पासवर्ड सगळ्या डब्यांना एकच. किकस्टार्टरने मोहीम थांबवली. पुढे २०१५ मध्ये विकलेले काही नग सुरक्षेच्या त्रुटींमुळे परत मागवावे लागले. त्यापेक्षा ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालणारा आणि फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट नियमित मिळणारा साधा राउटर घ्या. सीताबर्डीत किंवा ऑनलाइन घेताना मॉडेलच नाही, हार्डवेअरची आवृत्तीही तपासा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी निघते.

गळती न तपासणे

बोगदा चालू आहे असं पॅनलवर हिरव्या अक्षरांत दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. गळती होते ती बाजूने. पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून जोडायचं) कनेक्शन जोडलं की नेट कंपनी आपला डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) राउटरच्या हाती देते, आणि तुम्ही कोणत्या साइटवर जाता ते प्रश्न तिकडेच जात राहतात. वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटकडच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये कंपनीचा डीएनएस वापरण्याची खूण काढा. दुसरी वाट आयपीव्ही६ ची, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनवर तो आपोआप मिळतो, पण व्हीपीएन फक्त जुन्या आयपीव्ही४ साठी लावलेला असेल तर निम्मं ट्रॅफिक सरळ बाहेर पडू शकतं. दोन्ही बोगद्यातून न्या, नाहीतर घरातल्या नेटवर्कवर आयपीव्ही६ बंद ठेवा.

आता खरी परीक्षा घ्या. व्हीपीएन मुद्दाम बंद करा आणि फोनवर एखादं नवं पान उघडा. उघडलं तर तुमचा किल स्विच (बोगदा पडला की नेट तोडणारी सोय) नावापुरताच आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्ये लॅनवरून (घरातल्या नेटवर्कवरून) वॅनकडे जाण्याची परवानगी काढून फक्त व्हीपीएनच्या झोनकडे द्या. मग बोगदा पडला की नेटच बंद होतं, आणि तसंच व्हायला हवं.

वीज गेल्यावर नेट का येत नाही?

ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते, आणि लोक उगाच राउटर रिसेट करून सगळी मेहनत घालवतात. कारण बहुतेकदा घड्याळात असतं. साध्या राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ विसरतो आणि परत आल्यावर कुठली तरी जुनी तारीख धरून उठतो. वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन हे व्हीपीएनचे दोन प्रकार. मागे गेलेल्या वेळेची विनंती वायरगार्डचा सर्व्हर नाकारतो, टॉरलाही अचूक वेळ लागते, ओपनव्हीपीएनला प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटू शकतं. वेळ दुरुस्त करायला नेट हवं, आणि नेट बोगद्यातून जायचं, जो वेळेअभावी उघडत नाही. हा फेरा तोडायला वेळेच्या सर्व्हरचा आकडी पत्ता द्या आणि तेवढ्या एका पत्त्याचा मार्ग थेट वॅनवरून ठेवा. व्हीपीएन सर्व्हरही नावाऐवजी आकडी पत्त्याने लिहा. शिवाय फायबरचा डबा आणि राउटर, दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावा. व्होल्टेज मात्र जुळवून घ्या, १२ व्होल्टचा ५ व्होल्टच्या राउटरला लावला तर तो जळेल.

काही साइट उघडतात, काही अडकतात

इथे दोष बहुधा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटमध्ये किती बाइट मावतात त्या मर्यादेचा. पीपीपीओईवर १४९२ मिळतात, त्यात वायरगार्ड बसवायचा तर १४१२ ठेवून बघा. आणि कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर तुमच्या राउटरला पत्त्यांचा वेगळा पट्टा द्या, दोघांचा पत्ता एक असला की काहीच धड चालत नाही.

वेग कमी वाटतो तेव्हा आधी प्रोसेसर बघा. जुन्या राउटरवर ओपनव्हीपीएन चालवलं की शंभर एमबीपीएसचं कनेक्शनही रांगतं, वायरगार्ड त्याच चिपवर बरंच हलकं पडतं. मे महिन्यात तर बघायलाच नको. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्या नागपूरचा पारा ४५ ओलांडतो. तो कपाटाच्या वर, स्लॅबखाली ठेवू नका. कूलरच्या झोतातही नको, दमट हवा त्यालाही मानवत नाही.

सगळं घर टॉरवर टाकणे

हे करू नका. टॉर फक्त टीसीपी वाहून नेतो, त्यामुळे व्हिडिओ कॉल आणि बरेच गेम बिघडतात. मोठं नुकसान वेगळंच आहे: फोनमधली लॉगिन असलेली अ‍ॅप आणि तुमचं गुप्त ब्राउझिंग एकाच वाटेने बाहेर पडतात, म्हणजे दोन्हींचा धागा जुळवणं सोपं होतं. टॉर ब्राउझर हे वेगळं ठेवतो आणि सगळ्या वापरकर्त्यांना सारखंच दाखवण्याचा प्रयत्न करतो, राउटर ते करू शकत नाही. खरंच निनावी राहायचं असेल तेव्हा लॅपटॉपवर टॉर ब्राउझर वापरा, आणि तोही टॉर राउटरमागे नको. टॉरवर टॉर चढवू नका, असं टॉर प्रकल्पच सांगतो.

व्हीपीएन कोणाचा घ्यावा हेही नीट ठरवा. तुमच्या नेट कंपनीवरचा विश्वास तुम्ही त्याच्याकडे सोपवत असता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी यांची नोंद ५ वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर काही मोठ्या परदेशी सेवांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. व्हीपीएन वापरायला बंदी नाही, पण नोंदी कुठे राहतात ते वाचून मगच पैसे भरा.

बँक आणि यूपीआयसाठी राउटरवर वेगळ्या नावाचं, बोगद्याबाहेरचं वायफाय काढून ठेवा. परदेशी पत्त्यावरून बँकेत शिरायला गेलात तर खातं अडकू शकतं, आणि आईबाबांना वीजबिल भरायचं असताना घरात पहिला फोन तुम्हालाच येईल.