‘पाहिजे’ आणि ‘बेकु’ : परभाषिक शाखेतील पहिले वर्ष

माझे गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या परिसरात आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पदवीसाठी बेळगावात राहिले, तेव्हाही वर्गातील मैत्रिणी, खोलीच्या मालकीणबाई, रविवार पेठेतील दुकानदार असे सगळेच मराठी बोलणारे भेटले आणि कन्नडवाचून माझे कुठेही अडले नाही. शाळेत कन्नड तृतीय भाषा होती. मी निबंध पाठ केले, प्रश्नोत्तरे घोटली आणि चांगले गुण मिळवले. बसवरच्या पाट्या मला वाचता येत होत्या, परंतु समोरच्या माणसाने कन्नडमध्ये काही विचारले की घसा कोरडा पडत असे आणि माहीत असलेला शब्दही ओठांवर येत नसे. पुढे बँकेची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पहिली नेमणूक सौंदत्ती तालुक्यातील एका ग्रामीण शाखेत झाली. आमच्याकडे कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा तिथे नविलुतीर्थाच्या धरणात अडते. नदी तीच असली तरी तिच्या त्या टोकाला माझी भाषा जाणणारे शाखेत कोणीही नव्हते. सीमाभागात मराठीतून शिकून अशा ठिकाणी नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींसाठी मी हे लिहीत आहे.

या नेमणुकीआधी तीन वर्षे मी कन्नड बोलण्याचा निश्चय करत होते. महिनाभरात भाषा शिकवण्याचे आश्वासन देणारे पुस्तक आणले, वहीत वेळापत्रक आखले, आणि प्रत्येक वेळी आठवडाभरात ते मागे पडले. याचे कारण मी आळशी होते असे आज मला वाटत नाही. न शिकल्याने कोणाचेच काही बिघडत नव्हते, हे खरे कारण होते. भीती रोज समोर होती आणि लाभ कुठेतरी लांब होता; अशा वेळी मन भीतीचेच ऐकते.

नेमणूकपत्रात सहा महिन्यांच्या आत स्थानिक भाषा आत्मसात करण्याची अट होती. त्या अटीनेही मी फारशी हलले नाही. मला हलवले ते एका शेतकऱ्याच्या 1,800 रुपयांनी, आणि ती हकीकत मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचे मूळ तिच्यात आहे.

पीककर्जाची व्यवस्था त्या वेळी अशी होती की, 3 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर शेतकऱ्याला 7 टक्के व्याज लागे; मात्र कर्ज मुदतीत फेडले तर केंद्र सरकारच्या योजनेतून आणखी 3 टक्क्यांची सूट मिळे आणि व्याज 4 टक्के पडे. सगळे काही त्या एका तारखेवर अवलंबून असते. साठीच्या पुढचे एक शेतकरी आपल्या 60,000 रुपयांच्या कर्जाची चौकशी करायला माझ्याकडे आले. मी तुटक शब्दांत चार टक्के, सूट, सरकार असे काहीबाही सांगितले. तारीख मात्र खिडकीतून कागदावर लिहून दिली, कारण तारखेविषयीचे वाक्य मला जुळवता येत नव्हते. त्यांना वाचता येत नव्हते. व्याज आता चारच टक्के झाले असा त्यांनी समज करून घेतला आणि मुदत उलटून नऊ दिवसांनी ते पैसे घेऊन आले. तीन टक्क्यांची, म्हणजे 1,800 रुपयांची सूट गेली होती. पैसे मोजून झाल्यावर ते मला म्हणाले, “इरली बिड्री, अक्कार.” म्हणजे, असू द्या हो, ताई. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. माझ्या न बोलण्याची किंमत आतापर्यंत मी एकटीच भरत होते आणि ती मला परवडत होती. आता ती दुसऱ्याच्या खिशातून जाऊ लागली होती. गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. स्वतःच्या गरजेपुरते ते खरे असेलही, परंतु दुसऱ्याची गरज आपल्यावर येऊन पडते तेव्हा अंगात जी अक्कल आणि जो धीर येतो, तो मी अनुभवला आहे.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापक साहेबांना विनंती केली की, गुरुवारी शेजारच्या गावात होणारी महिला स्वसहाय्य गटाची बैठक यापुढे मला सांभाळू द्यावी. साहेब धारवाडकडचे होते. त्यांनी एवढेच विचारले की, “एखाद्या गुरुवारी गेला नाहीत तर त्या बायकांचा अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडेल, हे ठाऊक आहे ना?” ठाऊक होते, आणि म्हणूनच मी ते काम मागितले होते. त्याच संध्याकाळी गटाच्या अध्यक्षांना निरोप पाठवला की, येत्या गुरुवारपासून प्रत्येकीचे पासबुक मी मोठ्याने वाचून दाखवीन.

बुधवारी रात्री मी बारा वाक्ये देवनागरीत लिहून काढली. उळिताय म्हणजे बचत, बड्डी म्हणजे व्याज, कंतु म्हणजे हप्ता. बाकी मात्र तिकडेही बाकीच. “कंतु यावाग कट्टबेकु?” म्हणजे हप्ता कधी भरायचा, हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेल ते मोजले नाही. अंगणवाडीच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या, पासबुके एका फडक्यात बांधून आणली होती आणि गाठ सोडताना माझी बोटे थरथरत होती. तिसऱ्या पासबुकाला मी अडखळले. पीककर्जाला कन्नडमध्ये ‘बेळे साल’ म्हणतात. या ‘बेळे’तील पहिला स्वर ऱ्हस्व आहे; तोच लांबवला की शब्दाचा अर्थ डाळ असा होतो. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन वेगळे प्रकार नसल्यामुळे आपल्या कानाला हा भेद सुरुवातीला ऐकूच येत नाही. ‘कोडु’तील स्वर आखूड असेल तर ‘दे’, लांब असेल तर ‘शिंग’. शेजारी बसलेल्या एका आजीने माझा हात धरून तो शब्द तीनदा उच्चारला, माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि मग पुढच्या पासबुकाकडे बोट दाखवले. वहीत ऱ्हस्व स्वराखाली टिंब देण्याची माझी पद्धत त्या दिवसापासून सुरू झाली. नव्याने शिकणाऱ्यांनी ती अवश्य उचलावी, कारण आपली चूक बहुतेक वेळा शब्दात नसते, स्वराच्या लांबीत असते.

गरज आपल्याला कामाला बसवते, कौशल्य देत नाही, हेही त्याच काळात ध्यानात आले. गुरुवार माझ्याकडून बुधवारची रात्र वसूल करत असे. ती रात्र मी दिली नसती तर गुरुवार दर आठवड्याला मला नव्याने घाबरवत राहिला असता. चौथ्या महिन्यात मी कागदाशिवाय बोलू लागले. सातव्या महिन्यात मुदतीची तारीख आणि तीन टक्क्यांची सूट यांविषयी ग्रामपंचायतीच्या आवारात पन्नासेक शेतकऱ्यांसमोर उभी राहून बोलले. सूट गमावलेले ते शेतकरी आजोबाही तिथे होते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या भागात ती टाळता येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचनेत आमचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला; त्यानंतर सीमाभागातील मराठी घरांमध्ये ‘सक्ती’ या शब्दाला जी कडवट चव आली, ती माझ्या घरातही आहे. माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी जे सोसले त्याविषयी मला आदर आहे, आणि आपल्या भाषेत शिकण्याचा व आपल्या भाषेत कागद मिळवण्याचा हक्क मी कुठेही सोडलेला नाही. कन्नडमध्ये सक्तीच्या विषयाला ‘कड्डाय’ म्हणतात. शाळेत तो शब्द ऐकला की माझे मन दार लावून घेत असे. परंतु गुरुवारच्या बैठकीत मला दुसरा शब्द सापडला, ‘बेकु’. “ननगे नीरु बेकु” म्हणजे मला पाणी हवे आहे, आणि “कट्टबेकु” म्हणजे भरले पाहिजे. हवे असणे आणि करणे भाग असणे या दोहोंना कन्नडमध्ये एकच शब्द आहे, आणि आपल्या ‘पाहिजे’चेही नेमके तसेच आहे. मला पाणी पाहिजे. मला गेले पाहिजे. कड्डाय वरून लादले जाते. बेकु मात्र दोन माणसांच्या मध्ये उभे राहते आणि त्यातला एक भाग आपला स्वतःचा असतो. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कन्नड कवितेसाठी मिळाला, हे साहेबांनी मला एकदा चहा घेताना सांगितले. ते ऐकून वडिलांच्या मनातील एक गाठही थोडी सैल झाली.

लादलेल्या सक्तीने काय होते, याचाही अनुभव मी घेतला आहे. प्रशिक्षणाच्या काळात एका कार्यालयात एका वरिष्ठांनी मला ग्राहकांसमोर उभे करून कन्नडमध्ये बोलायला लावले आणि प्रत्येक चूक मोठ्याने सुधारली. त्यानंतर दोन महिने मी खिडकीवर मान वर केली नाही. बाहेरून पाहता दोन्ही प्रसंगी मला बोलणे भागच होते. फरक एवढाच की, तिथे पणाला माझा मान लागला होता आणि अंगणवाडीच्या ओसरीवर बायकांचे काम. मान पणाला लागला की माणूस स्वतःला वाचवण्यात गुंततो. म्हणून अंगावर बांधिलकी घेताना, आपण चुकलो तरी समोरच्याचे काम पुढे जाईल, पण आपण आलोच नाही तर ते अडेल, अशा ठिकाणी घ्यावी.

ही बांधिलकी एका नाव असलेल्या माणसाशी असावी आणि तिला वार ठरलेला असावा. “मी कन्नड शिकणार आहे” असे दहा जणांना सांगून काहीही होत नाही. ते दहाही जण विसरतात. ‘जेएआयआयबी’ या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षेसाठी मी शुल्क भरले, आता पैसे गुंतले म्हणजे अभ्यास होईल असे मला वाटले, आणि पहिल्या वेळी नापास झाले, कारण बुडणारे शुल्क माझेच होते. दुसऱ्या वेळी शेजारच्या शाखेतील एका सहकारी मुलीशी ठरवले की, दर रविवारी एक प्रकरण मी तिला शिकवायचे आणि एक तिने मला. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधील धनादेशाच्या तरतुदी मी ज्या शनिवारी रात्री दीड वाजेपर्यंत वाचल्या, त्या रात्री परीक्षा डोळ्यांसमोर नव्हती. सकाळी आठच्या बसने येणारी ती मुलगी होती. आम्ही दोघीही उत्तीर्ण झालो.

मात्र हे औषध लागू पडले म्हणून मी मात्रा वाढवली आणि ती माझी मोठी चूक झाली. दुसऱ्या वर्षी आणखी दोन गट, एका नातेवाइकाच्या मुलाची शिकवणी आणि गावच्या पतसंस्थेची हिशेब तपासणी, असे सगळे एकाच वेळी अंगावर घेतले. जुलैमध्ये तापाने आठ दिवस पडून राहिले आणि पतसंस्थेला दिलेली तारीख हुकली. वार्षिक सभा त्यामुळे पुढे ढकलावी लागली. वाईट वाटले ते आजारपणाचे नव्हे. काम होणार नाही हे मला चार दिवस आधी कळले होते आणि संकोचाने मी फोन केला नाही, हे मनाला लागून राहिले. एका वेळी एकच बांधिलकी घ्यावी आणि ती सवयीची झाल्यावर, म्हणजे तिच्यासाठी वेगळा धीर गोळा करावा लागत नाही असे वाटल्यावरच दुसरी घ्यावी. आणि पाळता येत नाही असे दिसताच त्याच दिवशी कळवावे. बांधिलकीचा भार वाहता येणे जितके शिकावे लागते तितकेच तो वेळेवर उतरवून ठेवणेही शिकावे लागते.

रुजू होण्याचे पत्र हातात आले असेल तर पहिला निर्णय राहण्याच्या जागेचा करा. अशा गावांतही दोनचार मराठी घरे असतात आणि ती प्रेमाने बोलावतात. सणाला तिथे जरूर जावे, पण खोली कन्नड कुटुंबाच्या घरात घ्यावी आणि रात्रीचे जेवण एखाद्या खानावळीत ठरवावे. खानावळ हा शब्द तिकडेही आहे. जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, आणि शेंगाचटणी वाढणारा माणूस रोज तोच असतो आणि रोज काहीतरी विचारतो. त्याला उत्तर देण्यासाठी रोज एक नवे वाक्य लागते. खोली पाहायला जाताना मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या मित्राला सोबत नेऊ नका. भाडे किती, पाणी किती वाजता येते, अनामत परत केव्हा मिळेल, हे तीन प्रश्न आदल्या रात्री लिहून घ्या आणि एकट्याने जाऊन विचारा.