मोठा म्हणजे दरवेळी ‘बिग’ नाही: कुठे काय वापरायचं

शाळेत शिकवलं बिग म्हणजे मोठा, झालं, आपण आयुष्यभर तेच चिकटवत बसतो. मी एकदा ऑफिसच्या कॉलवर परदेशातल्या माणसाला ‘टुडे बिग रेन’ असं ठोकून दिलं होतं, त्याला कळलं बिचाऱ्याला, पण हसला.

तर सगळ्यात आधी मराठीतल्या ‘मोठा’ला विचारायचं की बाबा तू नक्की कशाने मोठा? आकाराने असेल तर बिग बिनधास्त, बिग हाऊस, बिग बॅग. वयाने असेल तर जरा थांबा. ‘बिग ब्रदर’ चालतं, पण ‘तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा’ याचं ‘टू इयर्स बिगर’ करू नका, तिथे ‘ओल्डर’. नुसतं ‘ही इज बिगर दॅन मी’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं अंगाने थोराड आहे. (लग्नाच्या बोलणीत हे भलतंच महागात पडेल.)

मग आवाज, पाऊस, ट्रॅफिक. मोठा आवाज म्हणजे लाऊड, मोठा पाऊस आणि मोठं ट्रॅफिक दोन्ही हेवी, आणि वारा मोठा असला की स्ट्राँग. ह्याला नियम वगैरे शोधत बसू नका, जोडीनेच पाठ करा, आपण नाही का ‘कडक चहा’ म्हणतो पण ‘कडक पाणी’ म्हणत नाही, तसंच आहे ते.

आता बिग की लार्ज? बोलताना बिग, ऑफिसच्या मेलमध्ये किंवा रिपोर्टात लार्ज जास्त शोभतं. संख्या आणि प्रमाण आलं की लार्जच बरं, ‘अ लार्ज नंबर ऑफ पीपल’, ‘लार्ज अमाउंट’. पण चूक आणि निर्णय कायम बिग, ‘लार्ज मिस्टेक’ कोणी म्हणत नाही. शर्टाच्या साइजला मात्र लार्ज, दुकानात बिग मागू नका. आणि पायाचा अंगठा म्हणजे ‘बिग टो’, हे मला फार उशिरा कळलं.

स्पेलिंगमध्ये बिगर, बिगेस्ट लिहिताना जी दोनदा येतो, लार्जला फक्त आर किंवा एसटी जोडायचं. रंग सांगायचा असेल तर आकार आधी, म्हणजे ‘बिग रेड बॅग’, ‘रेड बिग बॅग’ कानाला खटकतं. आणि ह्यूज वापरलंत तर त्याच्याआधी व्हेरी लावू नका, ‘अ‍ॅब्सोल्युटली ह्यूज’ म्हणा.